लिहून घेणारे

‘डिजिटल ह्युमॅनिटीज’ला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न अजून काही सुटलेला नाही. ‘अंकीय मानव्यविद्या’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला गणिताचा पेपर आठवतो. म्हणून मी आपला सरळ ‘डिजिटल ह्युमॅनिटीज’च म्हणतो. विद्यापीठांत हा विषय शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात? तर जुने ग्रंथ, दफ्तरं, गाणी, नकाशे, माणसांची बोलणी संगणकात आणतात आणि मग एकेका पानावर बोट ठेवून वाचणाऱ्याला जे प्रश्न विचारता येत नाहीत ते विचारतात. एखादा शब्द तीनशे वर्षांत कुठून कुठे गेला, एखादं नाव किती कागदांत येतं, वगैरे. व्याख्या एवढी पुरे.

आता हे काम पुण्या-मुंबईचं, त्याहून खरं तर अमेरिकेचं. धुळ्यात, त्यातही देवपुरात बसून त्यावर काय लिहिणार, असं कुणालाही वाटेल. मला मात्र उलटंच वाटत आलंय. या विषयाचा गाभा संगणक नाहीच. गाभा आहे तो लिहून घेणं. कुणाचं तरी बोलणं, कुणाचा तरी कागद दुसऱ्या माणसाने आपल्या हाताने उतरवून घेणं. आणि लिहून घेणाऱ्यांच्या बाबतीत आमचा खानदेश फार श्रीमंत आहे. (केळी आणि कापसाखेरीज आमच्याकडे काही पिकतं हे मान्य करायला उरलेल्या महाराष्ट्राला जरा वेळ लागतो. असो.)

या विषयाच्या पुस्तकांत पहिलं नाव येतं ते रॉबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्रीचं. सेंट थॉमस अॅक्विनसच्या लिखाणात ‘इन’ हे शब्दयोगी अव्यय कुठे कुठे आणि कशा अर्थाने येतं, हे शोधायला त्याने हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. १९४९ साली तो न्यूयॉर्कला जाऊन आयबीएमच्या थॉमस वॉटसनला भेटला आणि उरलेलं काम यंत्राने होईल का, असं विचारलं. त्यातून जी सूची झाली ती सुमारे एक कोटी शब्दांची आणि छापली तेव्हा छप्पन्न खंडांची. काम तीस वर्षं चाललं. बुसाचं नाव झालं, त्याच्या नावाने आज पुरस्कारही आहे. पण ते कोटभर शब्द पंचकार्डांवर उतरवले कोणी? गॅलाराते नावाच्या गावातल्या तरुण मुलींनी. त्यांना पंचिंग शिकवलं, त्यांनी वर्षानुवर्षं लॅटिन मजकूर कार्डांवर टोचला. अलीकडच्या काळात संशोधकांनी जुन्या फोटोंतल्या या मुली कोण, याचा शोध घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे त्यांची नावं कळू लागली. तोवर त्या फोटोतल्या ‘यंत्राजवळच्या मुली’ होत्या.

ही गोष्ट वाचली आणि मला पहिल्यांदा कल्याणस्वामी आठवले. दासबोध समर्थांनी सांगितला आणि शिवथरघळीत कल्याणाने लिहून घेतला, असं परंपरा सांगते. आपल्याकडे लिहून घेणाऱ्याचं नाव तीनशे वर्षं टिकलं, हे विशेषच म्हणायचं. त्याचा धुळ्याशी संबंध असा, की शंकर श्रीकृष्ण देव, म्हणजे आमचे नानासाहेब देव, यांनी १८९३ साली इथे सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मग मठामठांतून फिरून रामदासी बाडं गोळा केली. डोमगावच्या मठातल्या, कल्याणाच्या हातच्या दासबोधावरून त्यांनी १९०५ साली छापील दासबोध काढला. त्या बाडांसाठी उभं राहिलेलं समर्थ वाग्देवता मंदिर आजही धुळ्यात आहे. तिथल्या संग्रहात समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत आहे. म्हणजे ज्यांचं लिहून घेण्यात कल्याणाचं आयुष्य गेलं, ते स्वतःही कधीतरी मांडी घालून दुसऱ्याचा ग्रंथ उतरवत बसले होते! दासबोधात अक्षर कसं काढावं, कागदाला समास किती सोडावा, शाई कशी असावी यावर एक अख्खा समास खर्च केलेला आहे. तो वाचताना हे लक्षात ठेवावं. अनुभवी माणसाचं बोलणं आहे ते.

दुसरं नाव अर्थातच राजवाड्यांचं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढणारे, पुढे असे बावीस खंड काढणारे, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापणारे आणि शेवटी पुण्याशी न पटून धुळ्याला येऊन राहिलेले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच गेले. त्यांच्यामागे १९२७ साली भास्कर वामन भट आणि इतर मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं आणि त्यांचे कागद सांभाळले. शेवटच्या काळात राजवाडे मराठी धातूंच्या मागे लागले होते. क्रियापदाचं मूळ शोधायचं, तेही हजारो क्रियापदांचं, आणि एकट्याने. तो धातुकोश त्यांच्या पश्चात १९३७ साली मंडळाने छापला. बुसाच्या दहा हजार चिठ्ठ्यांचं कौतुक वाचताना मला म्हणूनच थोडं हसू येतं. इथे तर यंत्र मागायला जायला आयबीएमही नव्हती.

पण राजवाड्यांची जी गोष्ट मी डिजिटल ह्युमॅनिटीज शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगेन, ती धातुकोशाची नाही. ती ज्ञानेश्वरीची आहे.

बीडकडच्या पाटांगणला राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्याही आधीची आहे, असं त्यांचं म्हणणं. याला महत्त्व का, तर एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. (आजच्या भाषेत ‘डेटा क्लीनिंग’. आणि वर, यात यापुढे कुणी आपल्या ओव्या घुसडू नयेत, अशी तंबीही देऊन ठेवली.) आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचतो ती ही नाथांनी साफ केलेली ज्ञानेश्वरी. तेव्हा त्याआधीची प्रत हाती लागणं म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठीजवळ एक पाऊल सरकणं. राजवाड्यांनी १९०९ साली ती छापली. तिच्यावरून ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरण लिहिलं. पुढे १९६० साली सरकारने ज्ञानेश्वरी काढली तीही या राजवाडे प्रतीच्याच आधारे.

आणि मूळ पोथी? ती नाही. तिचं काय झालं याच्या कथा अनेक आहेत, त्यांत राजवाड्यांच्या रागाच्याही कथा आहेत. पण कथा बाजूला ठेवल्या तरी उरतं ते इतकंच, की पोथी आज कुणाला बघता येत नाही. विद्वानांनी शंका काढल्या. हे रूप खरंच इतकं जुनं आहे का? हे अक्षर राजवाड्यांनी असंच वाचलं का? इथला अनुस्वार पोथीतला की छापखान्यातला? शंभर वर्षांहून अधिक काळ हे प्रश्न तसेच उभे आहेत, कारण उत्तर देऊ शकणारी एकमेव वस्तू नाहीशी झाली आहे. राजवाड्यांवर विश्वास ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, तिसरा मार्ग नाही. इतका मोठा माणूस, इतकं प्रचंड काम, आणि शेवटी प्रश्न येऊन थांबतो तो ‘तुम्ही म्हणता म्हणून’ इथे.

मूळ कागद जायला राग लागतोच असंही नाही. वाळवी पुरते, एक गळकं कौल पुरतं. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, त्या दिवशी तर काठ्याच पुरल्या. तेव्हा पोथीचं स्कॅनिंग ही काही हौस नाही. पण स्कॅन करणारे अनेकदा तिथेच थांबतात आणि टाइप करून घेणारे स्कॅन फेकून देतात. माझं म्हणणं एवढंच, की पानाचं चित्र आणि त्यावरून उतरवलेला मजकूर ही जोडी फोडू नये. चित्र नसेल तर ती प्रत म्हणजे पुन्हा राजवाड्यांची ज्ञानेश्वरी. फरक इतकाच, की राजवाड्यांच्या जागी कोण होतं हेसुद्धा आपल्याला माहीत नसणार.

तिसरा लिहून घेणारा धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ साली विनोबा इथे कैदेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, अशी अठरा प्रवचनं त्यांनी दिली. समोरच्या कैद्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती लिहून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आहे. इथे तर चित्र काढून ठेवण्यासारखं कागदाचं पानही नव्हतं. नुसता आवाज होता आणि तो हवेत विरला. त्या पुस्तकात विनोबांचं किती आणि गुरुजींच्या कानांचं किती हे आता कुणालाच वेगळं करता यायचं नाही. मला ते वेगळं करावंसंही वाटत नाही. पण शैलीवरून लेखक ओळखणारे जे संगणकी प्रयोग हल्ली विद्यापीठांत चालतात, ते करणाऱ्या एखाद्याने विनोबांच्या स्वतः लिहिलेल्या मजकुराशेजारी हे पुस्तक ठेवून बघायला हरकत नाही. गंमतच येईल.

आता जळगावकडे वळतो. कारण आमच्या तीन जिल्ह्यांचं विद्यापीठ तिथे आहे. १९९० साली ते पुणे विद्यापीठातून वेगळं झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. विद्यापीठाला निरक्षर बाईचं नाव! मला हे फार आवडतं. मात्र त्या नावामागे एक लिहून घेणारा आहे, हे विसरता येत नाही. बहिणाबाई जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी म्हणत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यांतली काही टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, ती टिपणं सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. जी टिपली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली.

यात माझ्या मते सोपानदेवांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यांनी जे केलं नाही ते. ते स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहीत होते. आईची भाषा ‘सुधारून’ घेणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ती लेवा गणबोली तशीच राहू दिली. ‘ण’चा ‘न’ तसाच, ‘ळ’च्या जागचा ‘य’ तसाच. ते झालं नसतं तर आज विद्यापीठाच्या कमानीवर दुसरंच कुणाचं तरी नाव असतं.

आणि नेमकं हेच संगणकावर धोक्यात येतं. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक दिसतात. ‘करणाऱ्या’मधला तो अर्धा र घ्या. हा खास आपला मराठीचा, हिंदीवाल्यांना त्याचं सोयरसुतक नाही. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण शोध घेताना एका तऱ्हेचा शब्द टाकला तर दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेलं सगळं पुस्तक गायब! म्हणजे ‘हा शब्द या ग्रंथात नाही’ असा निष्कर्ष काढून कुणी शोधनिबंध लिहून मोकळा होईल, आणि शब्द तिथे पानोपानी असेल. तीच गत जुन्या फॉन्टांची. नव्वदीच्या दशकात छापखान्यांत टाइप झालेल्या कित्येक मराठी पुस्तकांच्या फायली आज उघडल्या तर नुसते इंग्रजी अक्षरांचे किडे दिसतात, कारण त्या युनिकोडमध्ये नाहीतच. तीनशे वर्षांची पोथी वाचता येते आणि तीस वर्षांची फ्लॉपी नाही.

शुद्धलेखनाची बाब आणखी नाजूक. साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ चे मिळून अठरा नियम आले आणि ‘केलें’, ‘घरीं’ यांवरचे अनुस्वार गेले. शाळकरी मुलांचा जीव सुटला, चांगलंच झालं. पण जुना मजकूर संगणकात घेताना कुणी ते अनुस्वार ‘स्वच्छ’ केले, तर पूर्वीचे लोक त्या ठिकाणी काय लिहीत होते याचा पुरावाच पुसला जातो.

मोडीचं काम त्या मानाने उशिरा पण चांगल्या वाटेवर आहे. २०१४ साली मोडी लिपी युनिकोडमध्ये आली. २०२५ साली मोडी पानांचं यंत्राकडून देवनागरी लिप्यंतर करण्यासाठी एक संच प्रसिद्ध झाला. शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमदानीतली दोन हजारांवर पानं, आणि प्रत्येक पानाशेजारी जाणकाराने केलेलं देवनागरी. चित्र आणि मजकूर शेजारी शेजारी! हे वाचून बरं वाटलं. यंत्र चुकणारच. पण चुकलं तर शेजारी पान आहे, कुणीही बोट ठेवून सांगू शकतो.

बोललेल्या भाषेसाठी आपल्याकडे जे झालंय ते त्याहून मोठं आहे, आणि त्याची विद्यापीठांतून हवी तेवढी चर्चा होत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी पुणे जिल्ह्याच्या मुळशीकडच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. काम पसरत गेलं. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे संशोधक आले, त्यांनी शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण केलं. आज या संग्रहात एक लाख दहा हजारांवर ओव्या आहेत, १,१०७ गावांतल्या ३,३०२ बायांच्या. राईरकर आणि पॉइतवॅं दोघेही आता नाहीत. संग्रह पी. साईनाथांच्या ‘पारी’कडे आहे आणि तिथे ओव्या ऐकता येतात, वाचता येतात. ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिसतं. बुसाच्या त्या फोटोतल्या मुलींना जे मिळायला साठ वर्षं लागली, ते या बायांना पहिल्या दिवसापासून मिळालं. मला या दोन प्रकल्पांतून एक निवडायला सांगितला तर मी आपल्या ओव्यांचाच निवडेन, मग पुस्तकवाले पहिलं नाव कुणाचंही घेवोत.

एवढं सगळं लिहायला निमित्त झालं ते एका वर्गाचं. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण देवपुरातल्या एका कॉलेजात एम.ए. इतिहासाच्या मुलांपुढे अधूनमधून बोलायला जातो. हल्ली त्यांना अभ्यासक्रमातच संशोधन प्रकल्प असतो. मी त्यांना म्हटलं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून १९७२ चा दुष्काळ ऐका, मोबाइलवर मुद्रण करा आणि लिहून आणा. साक्री तालुक्यातला एक पोरगा आपल्या आजीचं बोलणं घेऊन आला. मुद्रण अस्सल अहिराणीत. लिहून आणलेला कागद मात्र अगदी क्रमिक पुस्तकातल्या मराठीत.

“हे रे काय?”

“सर, शुद्ध करून आणलं.”

“आजी अशुद्ध बोलते काय तुझी?”

“तसं नाही सर. पण ‘मन्हा’ टाइप केलं की मोबाइल ‘म्हणा’ करतो. ‘आंडोर’चं काय काय करतो. मग मीच ‘माझा’ आणि ‘मुलगा’ करून टाकलं. वाचणाऱ्याला पण कळायला पाहिजे ना.”

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. वाचणाऱ्याला कळायला हवंच. पण ते खाली तळटीप देऊनही कळतं. एकदा ‘मन्हा’चा ‘माझा’ झाला की पुन्हा उलट जाता येत नाही, आणि त्या आजीसारखं बोलणारं माणूस अजून वीस वर्षांनी साक्रीत किती मिळेल, कुणास ठाऊक. मोबाइलच्या कळफलकाला अहिराणी माहीत नाही, कारण अहिराणीत टाइप केलेला मजकूरच थोडा आहे. आणि मजकूर थोडा आहे, कारण टाइप करू जाणाऱ्या प्रत्येक पोराला कळफलक ‘शुद्ध’ करत राहतो. हे असं चक्र आहे. आता तर ऐकून आपोआप लिहून देणारी यंत्रंही आलीत, तीही अहिराणी ऐकून बिनदिक्कत मराठी लिहितात. सोपानदेवांच्या जागी असं यंत्र असतं तर काय झालं असतं ते मी त्या मुलांना सांगितलं. वर्ग थोडा वेळ गप्प बसला, मग मागच्या बाकावरून कुणीतरी “सर, मग पुस्तकच आलं नसतं” म्हणालं.

पोराने पंधरा दिवसांनी पुन्हा कागद आणला. ऑटोकरेक्ट बंद करून, ‘मन्हा’, ‘आंडोर’, ‘शे’ सगळं जसंच्या तसं. वर आम्ही ठरवलेला तक्ता: सांगणारीचं नाव, गाव, लिहून घेणाऱ्याचं नाव, तारीख, मुद्रणाच्या फायलीचा क्रमांक. एका ठिकाणी मात्र ओळ तुटलेली होती. रोजगार हमीच्या खडीचं, मग घरातल्या पितळी भांड्यांचं आणि ती कुणाकडे गहाण पडली त्याचं वर्णन चालू होतं, तिथे नाव यायच्या जागी त्याने रेघ मारून मोकळी जागा सोडली होती.

“हे ऐकू आलं नाही का?”

“ऐकू आलं सर. पण तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, त्या घरातली सून आता मन्ही मैतरीण शे, नाव काढून टाक.”

मुद्रणात ते नाव आहे. कागदावर नाही. दोन्हींपैकी कॉलेजात जमा काय करायचं, यावर वर्गात बरीच वादावादी झाली. शेवटी त्या पोरानेच मोकळ्या जागेखाली पेनाने लिहिलं, ‘सांगणारीच्या म्हणण्यावरून गाळलं’, सही केली आणि फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवून घरी घेऊन गेला.